खिळेकाकूंची जागा

खिळेकाकूंना कुणी फारसं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्यात त्यांच्या स्वभावाचा दोष नव्हता. दोष खिळ्यांचा होता. सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात कामात असतात. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. बारीक खिळे गालात भरायचे, एकेक जिभेनं ओठांवर आणायचा, चिमटीत घ्यायचा आणि ठोकायचा. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी शटर ओढेपर्यंत काकूंचं तोंड असं भरलेलं. बाकीचे लोक मूग गिळून गप्प बसतात, काकू खिळे धरून गप्प बसत.

मग गिऱ्हाइकाशी बोलायचं कुणी? धाकटीनं. धाकटी म्हणजे काकूंची धाकटी जाऊ. दुकान मुळात दोघा भावांचं. थोरला गेला, मागोमाग धाकटाही गेला, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, आता शटर कायमचं खाली. ते काही आलं नाही. थोरलीनं हातोडी उचलली आणि धाकटीनं गिऱ्हाईक सांभाळलं. गिऱ्हाईक विचारायचं, "खुर्ची कधी मिळेल?" धाकटी मागे वळून बघायची. काकू नुसती मान हलवायच्या. धाकटी गिऱ्हाइकाला सांगायची, "ताई म्हणतात, परवा घेऊन जा. आणि ताई म्हणतात, ह्या कापडाचा नाद सोडा, पहिल्या धुण्यातच आटेल." एका मान हलवण्यातून एवढं सगळं कसं निघालं, असं गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही. काकूंनीही नाही. धाकटी सांगायची ते बहुतेक वेळा बरोबरच असायचं, आणि जिथे नसायचं तिथे काकूंच्या मनातल्यापेक्षा बरं असायचं. अशी चाळीस वर्षं गेली. शेवटी शेवटी तर तोंडात एकही खिळा नसताना कुणी काही विचारलं, तरी काकू सवयीनं धाकटीकडे बघायच्या.

जुना सोफा फाडला की आतून काय काय निघतं म्हणून सांगावं! काथ्या, कुजका कापूस, पीठ झालेला फोम, कुणाच्या तरी घरातली पिढीभराची धूळ. ती सगळी काकूंच्या छातीत जाऊन बसली. धाकटी पुढे रस्त्याकडच्या बाजूला असायची, तिच्या छातीला काही झालं नाही. दुकान बंद केलं तेव्हा काकूंच्या वाट्याला आली धाप आणि कायम जवळ बाळगायचा औषधाचा पंप. धाकटीच्या वाट्याला आली दिवसभर बोलायची सवय, आणि ऐकायला कुणी नाही. दोघी एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहत. धाकटीची लेक लांब दिलेली, काकूंना मूलबाळ नाही. तेव्हा एकीचा चहा दुसरीकडे आणि दुसरीचं दुखणं पहिलीकडे, असा कारभार होता.

आता त्या शहराच्या हवेबद्दल. थंडी पडली की तिथे वारा पडायचा. गाड्यांचा धूर, गिरण्यांचा धूर, नव्या इमारतींच्या बांधकामाची धूळ, शहराबाहेर जाळलेला कचरा, सगळं जिथल्या तिथे साचून राहायचं. समोरच्या रस्त्यापलीकडची पाण्याची टाकी सकाळी दिसेनाशी व्हायची. खिडकीची कड पुसली की फडकं काळं. शाळांना सुट्टी, मैदानं बंद, आणि फाटकापाशी पहारेकरी फळ्यावर त्या दिवसाचा हवेचा आकडा लिहायचा. येता-जाता लोक तो वाचून तोंड वाकडं करायचे, जणू आकडा पहारेकऱ्यानंच ठरवला आहे. "बाहेर पडू नका," असं रेडिओवर सांगायचे. अहो, बाहेर नाही पडलं, पण हवा आत येते त्याचं काय? ती काय बेल वाजवून येते?

इमारतीत डॉक्टर म्हणून एकच माणूस होता आणि तो दातांचा. पण डॉक्टर तो डॉक्टर, म्हणून सोसायटीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आणि सगळ्यांच्या छात्याही त्यांच्याकडे. त्यांनीच कुठेतरी वाचून कल्पना काढली की तळमजल्यावरची टेबलटेनिसची खोली पक्की बंद करायची, आत हवा गाळणारी यंत्रं ठेवायची, आणि वाईट दिवसांत ज्यांना त्रास आहे त्यांनी दिवसभर तिथे बसायचं. कल्पना चांगली होती. फक्त ती खोली बंद होईना. खिडक्या जुन्या, चौकटी वाकलेल्या, दाराखालून मांजर जाईल एवढी फट. सुतार आला, बघून गेला तो गेलाच. शेवटी एके दिवशी काकू आपली जुनी पिशवी घेऊन खाली उतरल्या. त्यांनी फोमच्या पट्ट्या कापल्या, वर रेक्झिन चढवलं, आणि एकेक खिडकी सोफ्याच्या कडेसारखी शिवून काढली म्हणा ना. दाराच्या आत हातभर जागा सोडून दुसरं दार केलं, जाड रेक्झिनच्या पडद्याचं, मधोमध चेन, वर आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचा चौकोन. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतली चेन उघडायची नाही, असा नियम. विकतची यंत्रं परवडेनात म्हणून चौकोनी पंख्यांना चारी बाजूंनी गाळण्या लावून पेट्या बनवल्या, त्याही काकूंनीच. त्या पेट्यांची घरघर सुरू झाली आणि आतला वास जाऊन नुसती हवा उरली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काकू, बोला, काय देऊ तुम्हाला?"

काकूंनी धाकटीकडे बघितलं. धाकटी म्हणाली, "ताई म्हणतात, काही नको. आमच्या हातून झालं, भरून पावलो."

पण काकूंना एक गोष्ट हवी होती, आणि ती मागताना आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतः बोलल्या. खोली लहान, बंद. बारा माणसांपेक्षा जास्त बसली तर पेट्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. ज्यांना खरोखर त्रास आहे अशांनाच जागा. पक्षाघात झालेले आजोबा आणि त्यांना सांभाळणाऱ्या आजी, एक गरोदर सून, दम्याची दोनतीन मुलं, असे एकेक लोक डॉक्टर विचारून घेत होते. काकूंची जागा पक्की होती, कुणी वाद घालायचा प्रश्नच नव्हता. धाकटीला मात्र कसलाच त्रास नव्हता. तिची छाती अशी ठणठणीत की तिसऱ्या मजल्यावरून तिनं भाजीवाल्याला हाक मारली तर तो पुढच्या गल्लीत थांबायचा. ती बिचारी उगीचच दाराशी उभी होती. "मग मी वर एकटी," असं ती कुणाला उद्देशून नव्हे पण काकूंना ऐकू जाईल असं म्हणाली. आणि काकूंनी तोंड उघडलं.

"हिलाही धाप लागते," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त. सांगत नाही कुणाला."

कमी बोलणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. त्याचं खोटंसुद्धा खऱ्याच्या भावात खपतं. डॉक्टरांनी मान डोलावली, धाकटीला जागा मिळाली, शिवाय खोलीची किल्लीही तिच्याकडे आली, कारण रोज सकाळी उठून, दार उघडून, पेट्या सुरू करून, आलेल्या प्रत्येकाची विचारपूस करायचा उत्साह दुसऱ्या कुणाकडे होता? किल्ली तिनं कमरेला लावली. दोनतीन हिवाळे झकास गेले. पेटीच्या अगदी समोर काकूंची खुर्ची, शेजारी धाकटीची. धाकटी बोलायची, काकू श्वास घ्यायच्या. दोघींनाही दुसरं काही नको होतं.

त्या वर्षीचा हिवाळा वाईट निघाला. आकडा चढला तो उतरेचना. अशातच चौथ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, नवरा-बायको आणि एक लहान पोरगा. पोराची छाती रात्रंदिवस शिट्टी वाजवायची. आईचा चेहरा पाहवत नव्हता.

एका सकाळी काकू खाली जायच्या तयारीत होत्या. पंप घेतला, चष्मा घेतला, दार उघडलं तर समोर ती आई उभी. हातात फळांची पिशवी. काही कळायच्या आत ती काकूंच्या पाया पडायला वाकली.

"काकू, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," ती म्हणाली. "स्वतःला एवढा त्रास असून तुम्ही माझ्या लेकराला जागा दिलीत. आजच्या काळात कोण करतं हो असं?"

काकूंनी सवयीनं समोरच्या दाराकडे बघितलं. दाराला कुलूप होतं. धाकटी खाली गेलेली. आज तिनं हाक न मारता, एकटीच.

"मी?" काकू म्हणाल्या.

"आता नाही म्हणू नका. धाकट्या काकूंनी सांगितलं सगळं. किती गोड बोलल्या त्या! म्हणाल्या, ताई म्हणतात, माझे किती दिवस राहिले, लेकराला बसू दे." तिचे डोळे भरून आले. "फळं घ्या काकू, नाही म्हणू नका."

काकूंनी फळं घेतली. दुसरं काय करणार? दारात उभ्या असलेल्या आईला कोण सांगेल की बाई, मी असं काही म्हटलेलं नाही, तुझ्या पोराला उठव? असं सांगणारी माणसं असतात जगात, पण काकू त्यातल्या नव्हत्या, आणि हे धाकटीइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? त्यांनी दार लावलं, फळांची पिशवी टेबलावर ठेवली आणि पलंगावर बसल्या. राग यायला वेळ लागला. आधी फक्त लाज वाटली, जणू आपलंच काहीतरी चुकलं आहे, आपण काहीतरी बोलून गेलो आहोत आणि विसरलो आहोत.

दुपारपर्यंत काकू इमारतीत थोर झाल्या होत्या. फळ्याशी खडू घेऊन बसलेला पहारेकरी खिडकीत बघून हात जोडून म्हणाला, "मानलं काकू तुम्हाला!" दातांचे डॉक्टर स्वतः वर आले. "काकू, मला खरं तर फार अवघड झालं होतं," ते म्हणाले. "तुम्ही एका घरातल्या दोघी म्हणून मी धाकट्या काकूंना म्हटलं, तुमच्यातून एकजण थांबू शकेल का, दोघी मिळून ठरवा. त्या लगेच म्हणाल्या, ताईंनी आधीच ठरवलंय. तुमचं मन मोठं आहे." आणि ते खाली गेले. चाळीस वर्षं सगळं जग धाकटीला विचारूनच काकूंचं म्हणणं समजून घेत आलं होतं, मग डॉक्टरांनी तरी वेगळं का करावं?

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक काकूंनी खूप पाहिले होते. पण हलवाई जिवंत असताना, समोरच्या दारात राहत असताना, आणि त्याच्याच तोंडून हो म्हणवून? हे नवीन होतं.

संध्याकाळी धाकटी आली. थर्मासमध्ये चहा घेऊन, नेहमीसारखी, चपला दाराशी काढून. काकूंनी विचारायच्या आधीच ती सुरू झाली. "अहो ताई, मी म्हटलं, तुम्ही काय नाही म्हणणार आहात का? एवढंसं लेकरू. मला माहीत आहे ना तुमचा स्वभाव. म्हटलं, विचारून उगीच तुम्हाला पेचात कशाला टाकायचं?"

"आणि तू?" काकू म्हणाल्या.

"माझं काय?"

"तू का नाही थांबलीस वर?"

धाकटीनं चहा ओतला. पेल्याच्या कडेवर दोन थेंब सांडले ते पदरानं पुसले. "किल्ली कोण सांभाळणार मग? आजोबांना खुर्चीत कोण बसवणार? आणि दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, वारा सुटेल. तुम्ही खंबीर आहात, ताई. तुम्हाला एकटं राहता येतं. मला नाही येत." शेवटचं वाक्य तिनं खरं बोलल्यासारखं, हळू म्हटलं. मग पुन्हा आवाज चढवून ती आत काय काय गंमत झाली ते सांगू लागली. पोरगा कसा हसला, आजी काय म्हणाल्या, डॉक्टरांचा चष्मा पेटीच्या वाऱ्यानं कसा पडला. काकू ऐकत राहिल्या. चहा गार झाला.

वारा सुटला नाही. काकूंनी वरची खोली बंद करायचा प्रयत्न केला. ज्या बाईनं सगळ्या इमारतीसाठी खोली बंद करून दिली, तिला स्वतःच्या खिडकीला पट्टी लावताना शिडीवर दुसऱ्या पायरीपुढे चढता येईना, धाप लागायची. फोम संपलेला, रेक्झिन संपलेलं, सगळं खाली लागलं होतं. त्यांनी उंबऱ्याशी ओलं कापड ठेवलं, खिडकीवर ओली चादर टांगली, आणि न्हाणीघर सगळ्यांत लहान म्हणून तिथे स्टूल टाकून वाफ घेत बसल्या. चादर संध्याकाळपर्यंत राखी रंगाची व्हायची. गरज सरो, वैद्य मरो, असं लोक म्हणतात, पण इथे वैद्याला मरायला पाठवून वर त्याची आरतीही सुरू होती. कुणी ना कुणी येऊन दारातून कौतुक करून जायचं. काकूंना त्या कौतुकाचा धुरापेक्षा जास्त त्रास होऊ लागला.

धाकटीचा चहा आधी दोनदा यायचा, मग एकदा. मग एका दिवशी ती दारातूनच म्हणाली, "ताई, सारखं वर-खाली केलं की कपड्यांवरून धूळ जाते हो आत. डॉक्टर म्हणतात, एकदा आत बसलं की बसलं." म्हणजे आता चहाही बंद. डॉक्टर असं म्हणाले असतील का? की हेही कुणाच्या तरी नावानं? काकूंच्या मनात पहिल्यांदा हा प्रश्न आला, आणि त्यामागून दुसरे खूप आले. दुकानात जेव्हा जेव्हा "ताई म्हणतात" असं ऐकू यायचं, तेव्हा आपण खरंच काय म्हणत होतो? हो म्हणायचो, की फक्त मान हलवायचो? एका खुर्चीच्या कापडावरून, एका माणसाला कामावरून काढण्यावरून, दुकान विकण्यावरून? सगळं आठवता आठवता त्यांची छाती भरून आली, आणि ते काही धुळीनं नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस तरी कुणाचा? आपल्याच डोक्यावरचा.

पुढल्या दिवशी पंप दोनदा ओढूनही श्वास मोकळा होईना, तेव्हा काकू उठल्या. डोक्यावरून शाल घेतली, नाकाला फडकं बांधलं आणि लिफ्टनं खाली गेल्या. फाटकाशी फळ्यावर आकडा होता. त्यांनी तो वाचला नाही.

बाहेरचं दार उघडून त्या मधल्या हातभर जागेत शिरल्या, दार लावलं, आणि नियमाप्रमाणे थांबल्या. प्लॅस्टिकच्या चौकोनातून आत दिसत होतं. आजोबा, आजी, बाळाला घेतलेली सून, पोरं, नवी आई, कोपऱ्यात डॉक्टर. आणि पेटीच्या अगदी समोर, काकूंच्या खुर्चीत, धाकटी. मांडीवर त्या पोराला घेऊन ती बोलत होती, आणि सगळे ऐकत होते. रेक्झिनमधूनही तिचा आवाज स्पष्ट येत होता.

"मी म्हटलं, ताई, अहो तुमच्या छातीचं काय? तर ताई काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, माझी छाती म्हणजे जुना सोफा, आता त्याला किती ठोकाल! असं म्हणून हसल्या. काय बोलणार मी?"

सगळे हसले. नवी आई डोळे पुसत होती. खरंच बरं वाक्य होतं. काकूंना सुचलं नसतं इतकं बरं.

त्यांनी चेन खाली ओढली.

धाकटीनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अरे, ताई! काय झालं? काही हवं होतं का? मी आले असते वर."

काकूंनी फडकं खाली केलं. तोंडात एकही खिळा नव्हता, तरी शब्द पुढे यायला वेळ लागला.

"मी जागा दिली नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

नवी आई उभी राहिली. तिनं पोराला ओढून घेतलं, काय करावं तिला कळेना. आजी इकडे बघ, तिकडे बघ. आणि धाकटी उठून काकूंजवळ आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात म्हणाली, "ताई, असं काय करताय? तुम्हीच म्हणालात ना मला. आठवत नाही का?" मग बाकीच्यांकडे वळून, "श्वास नीट मिळाला नाही की होतं हो त्यांना असं. विसरायला होतं."

आजींनी "अगं बाई" म्हणून मान हलवली. डॉक्टर कोपऱ्यातून उठून आले. त्यांनी काकूंची नाडी धरली. सगळ्या चेहऱ्यांवर कणव होती, आणि विश्वास धाकटीवर होता. चाळीस वर्षांत तिच्यावर अविश्वास दाखवायची वेळ काकूंनीच कधी कुणावर आणली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तर तक्रार कुठे करणार?

काकूंनी डॉक्टरांच्या हातातून हात सोडवला.

"हिला धाप लागत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच लागत नव्हती. पहिल्या हिवाळ्यात मी तुम्हाला खोटं सांगितलं. तपासा तिची छाती."

"ताई!"

"तपासा," काकू पुन्हा म्हणाल्या. धाकटीकडे न बघता.

दातांच्या डॉक्टरांजवळ छाती तपासायचं काही नव्हतं, आणि गरजही पडली नाही. धाकटीचा चेहराच सगळं सांगत होता. आयुष्यभर दुसरीच्या वतीनं बोललेल्या बाईला स्वतःच्या वतीनं एक शब्द सापडेना. खोलीत कुणीतरी चुकचुकलं. मग आजी बोलल्या, आणि त्या काकूंकडे बघून बोलल्या. "म्हणजे त्या वर्षी माझ्या भावाला जागा मिळाली नाही, ती हिच्यामुळे? त्याची छाती फुटत होती. शेवटी लेकीकडे पाठवावं लागलं त्याला, परक्या गावी." त्यांनी पक्षाघात झालेल्या आजोबांचा हात घट्ट धरला आणि दोघींपासून तोंड फिरवलं.

काकूंनी आठवून बघितलं. त्या भावाचा चेहराही त्यांना आठवत नव्हता.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "धाकट्या काकू," ते म्हणाले, "किल्ली द्या माझ्याकडे."

धाकटीनं कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, सोडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे इकडे तिकडे बघत राहिले. किल्ली देऊन तिनं आपला पदर सारखा केला. कुणी तिला "बसा" म्हटलं नाही. काकूंना मात्र नव्या आईनं हाताला धरून खुर्चीत बसवलं. पेटीतून येणारी गार, निर्मळ हवा तोंडावर आली. छाती हळूहळू सुटू लागली. शरीराला काय, त्याला मान-अपमान कळत नाही. त्यानं आपलं भराभरा श्वास घ्यायला सुरुवात केली.

आता बोलायचं, काकूंनी ठरवलं. न्हाणीघरात वाफेत बसून त्यांनी दिवसचे दिवस एकच वाक्य घोळवलं होतं. जागेसाठी त्या आल्याच नव्हत्या, खरं तर ते वाक्य धाकटीला सगळ्यांसमोर ऐकवायला आल्या होत्या. त्यासाठी त्या श्वास गोळा करत होत्या. एवढ्यात चेनपाशी पोचलेली धाकटी मागे वळली. तिचे डोळे वाहत होते. नाटक नव्हतं ते. धाकटीचं नाटक काकूंना ओळखू यायचं.

"मला एकदा विचारायचं तरी होतं, ताई," ती म्हणाली. "मी आपणहून जागा दिली असती."

आणि चेन वर ओढून ती गेली. काकूंच्या तोंडात तेच वाक्य होतं, शब्द न् शब्द तेच, आणि आता ते म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.